रिकाम्या पिंपांचा अर्थ

पेट्रोलने भरलेली पिंपे जेथे ठेवलेली असतात तेथे माणसे जपून वावरतात. काडी ओढणे दूरच, ठिणगी उडेल असे कामही तेथे कोणी करीत नाही. त्याच कारखान्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात रिकामी पिंपे रचून ठेवलेली असतात. तेथे मात्र कामगार निर्धास्त असतात. सिगारेट पेटवतात, थोटके इकडेतिकडे टाकतात. वास्तविक धोका या दुसऱ्या कोपऱ्यातच अधिक असतो. पेट्रोल संपले तरी त्याची वाफ पिंपात उरते, हवेत मिसळते आणि एखाद्या ठिणगीने तिचा स्फोट होऊ शकतो. १९२० आणि १९३०च्या दशकांत अमेरिकेतील एका विमा कंपनीचा तपासनीस अशा शेकडो आगींची कारणे तपासत होता. सदोष तारा, कोंडलेली हवा, यंत्रांची दुरवस्था ही कारणे त्याला ठाऊकच होती. हळूहळू त्याला आणखी एक कारण दिसू लागले. ते ‘रिकामे’ या शब्दात दडलेले होते.

या तपासनिसाचे नाव बेंजामिन ली व्हॉर्फ. पुढे भाषाविज्ञानाच्या इतिहासात ‘भाषिक सापेक्षता’ या तत्त्वाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. भाषा विचाराला वळण लावते, अशा एका वाक्यात त्यांचा सिद्धान्त बहुतेक ठिकाणी उरकला जातो. व्हॉर्फ यांचे म्हणणे त्याहून बारीक होते. एकेकटा शब्द विचार घडवीत नाही. वाक्यातील एकाच जागी एकमेकांऐवजी येऊ शकणाऱ्या शब्दांचे प्रत्येक भाषेत आपोआप गट पडतात. बोलणाऱ्याला त्या गटांची जाणीवही नसते. हे गटच कोणती वस्तू कशासारखी मानायची ते ठरवून टाकतात आणि मग माणूस त्या हिशेबाने वागतो. या विचारापर्यंत व्हॉर्फ ज्या वाटेने पोहोचले ती विद्यापीठाच्या वर्गातून सुरू झाली नव्हती. ती जळक्या कारखान्यांतून गेली होती.

व्हॉर्फ यांचा जन्म २४ एप्रिल १८९७ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील विंथ्रॉप या गावी झाला. वडील हॅरी व्हॉर्फ हे व्यावसायिक चित्रकार होते आणि त्यांना रंगभूमीचीही ओढ होती. तीन भावांत बेंजामिन थोरले. त्यांच्या पाठचे जॉन पुढे जलरंगातील चित्रांसाठी नावाजले गेले, तर धाकटे रिचर्ड नट आणि दिग्दर्शक झाले. कलावंतांच्या या घरातील थोरल्या मुलाने मात्र रसायनाची वाट धरली. १९१८ मध्ये एमआयटी या प्रख्यात संस्थेतून त्यांनी रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १९१९ मध्ये कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड शहरात, हार्टफर्ड फायर इन्शुरन्स कंपनीत ते आगप्रतिबंधक अभियंता म्हणून रुजू झाले. १९२० मध्ये त्यांचा विवाह झाला. पुढील बावीस वर्षे, म्हणजे अखेरच्या दिवसापर्यंत, त्यांनी हीच नोकरी केली.

ही नोकरी त्यांनी नाइलाजाने केली असे समजण्याचे कारण नाही. विमा उतरवलेल्या कारखान्यांची पाहणी करून आगीचा धोका कोठे आहे हे सांगण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. एका रासायनिक कारखान्याने, आपली प्रक्रिया गुप्त आहे या सबबीवर, त्यांना आत सोडण्यास नकार दिला. व्हॉर्फ यांनी तेथेच कागदावर त्या प्रक्रियेचे रासायनिक सूत्र लिहून दाखवले आणि दार उघडले गेले. कंपनीनेही त्यांची कदर केली. १९४० मध्ये त्यांना सहायक सचिव करण्यात आले. पुढे विद्यापीठांतील जागा चालून आल्या तेव्हाही त्यांनी त्या नाकारल्या. विमा कंपनीच्या पगारावर संसार अधिक सुखाने चालतो आणि अभ्यासाचे स्वातंत्र्यही टिकते, असा त्यांचा साधा हिशेब होता.

भाषेकडे ते वळले ते धर्माच्या ओढीने. व्हॉर्फ मेथडिस्ट पंथाचे श्रद्धाळू ख्रिस्ती होते. विज्ञान आणि बायबल यांच्यातील विरोधाने ते अस्वस्थ होत. या विरोधावर त्यांनी एक भलीमोठी कादंबरीही लिहिली. ती कोणी छापली नाही. बायबलचा मूळ अर्थच आपण चुकीचा लावत असू, तर हा विरोध केवळ भाषांतराचा दोष ठरेल, या विचाराने १९२४च्या सुमारास त्यांनी हिब्रू भाषेचा अभ्यास आरंभला. त्यातच फाब्र दोलिव्हे या फ्रेंच गूढवाद्याचे हिब्रूवरील पुस्तक त्यांच्या हाती पडले. हिब्रूच्या प्रत्येक अक्षरात मूळ अर्थ दडलेला आहे, असे या लेखकाचे मत होते. हे मत शास्त्राच्या कसोटीला उतरणारे नव्हते. तथापि शब्दांच्या वरवरच्या अर्थाखाली आणखी एक रचना असते आणि ती शोधता येते, ही कल्पना व्हॉर्फ यांच्या मनात रुजली ती तेथपासून.

हार्टफर्डमधील वॉटकिन्सन ग्रंथालयात अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या भाषांवरील पुस्तकांचा मोठा संग्रह होता. कार्यालय सुटल्यावर व्हॉर्फ तेथे बसू लागले. मेक्सिकोतील ॲझ्टेक लोकांची नाहुआत्ल भाषा आणि माया लोकांची लिपी हे त्यांचे विषय झाले. १९२८ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या अमेरिकाविद्येच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी निबंध वाचला. १९३० मध्ये संशोधनासाठी अनुदान मिळवून ते मेक्सिकोला गेले आणि मिल्पा आल्ता या गावची नाहुआत्ल बोली त्यांनी प्रत्यक्ष बोलणाऱ्यांकडून टिपून घेतली. माया लिपीतील चिन्हे ध्वनी दर्शवतात, असे मत त्यांनी १९३३ मध्ये मांडले. तेव्हाच्या जाणकारांनी ते धुडकावले. व्हॉर्फ यांनी लावलेले बरेचसे चिन्हार्थ पुढे चुकीचे ठरले, पण लिपीत ध्वनिचिन्हे आहेत हा मूळ मुद्दा मात्र १९५२ नंतर रशियन विद्वान युरी क्नोरोझोव्ह यांच्या कामामुळे खरा ठरला.

१९३१ मध्ये एडवर्ड सपीर येल विद्यापीठात आले आणि व्हॉर्फ यांच्या हौशी अभ्यासाला गुरू मिळाला. अमेरिकेतील मूळ भाषांचे सपीर यांच्याइतके जाणकार त्या काळी विरळाच. येलचे शहर न्यू हेवन हार्टफर्डपासून सुमारे ६० किलोमीटरवर. तेथे सपीर यांनी सुरू केलेल्या पहिल्याच वर्गात चौतिशीतल्या व्हॉर्फ यांनी नाव घातले. मॉरिस स्वादेश, मेरी हास, जॉर्ज ट्रेगर यांच्यासारखे तरुण त्यांच्या सोबतीला होते. डॉक्टरेटसाठी त्यांनी नावापुरती नोंदणी केली, पण ती पदवी कधीच घेतली नाही. पुढे १९३७-३८ या वर्षी त्याच विद्यापीठात त्यांनी अध्यापनही केले.

भाषाविज्ञानात तेव्हा एका साध्या कसोटीला मोठे महत्त्व आले होते. स्विस भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूर यांची व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर, १९१६ मध्ये, पुस्तकरूपाने निघाली होती. वाक्यातील प्रत्येक शब्दाचे दोन प्रकारचे नाते असते, असे त्यांत मांडलेले होते. एक नाते शेजारच्या शब्दांशी, तर दुसरे त्याच्या जागी येऊ शकले असते पण आले नाहीत अशा शब्दांशी. अमेरिकेत लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३च्या आपल्या ग्रंथात शब्दांचे वर्ग ठरवण्यासाठी याच धर्तीचा विचार वापरला. शब्दाचा अर्थ काय, असे न विचारता तो कोणत्या जागी बसतो आणि त्याच जागी आणखी कोण बसते, हे पाहायचे.

मराठीतले उदाहरण घेतल्यास ही कसोटी सहज कळेल. ‘त्याने ... घेतला’ या वाक्यातील मोकळ्या जागी ‘चहा’ बसतो. तेथेच ‘निरोप’, ‘श्वास’, ‘निर्णय’ आणि ‘सूड’ हेही शब्द बसतात. चहा पेल्यात असतो, निर्णय कोठेच नसतो. तरीही व्याकरणाने दोघांना एकाच बाकावर बसवले आहे. त्यामुळे निर्णय हीदेखील एखादी तयार वस्तू आहे, ती कोणीतरी हात पुढे करून घ्यायची असते, असे आपल्याला नकळत वाटू लागते. निर्णय लांबतो, तो कोणाकडे तरी पडून राहतो, फिरवला जातो, असे आपण सहजपणे म्हणतो. आपण एका प्रक्रियेविषयी बोलत आहोत, हे त्या वेळी लक्षातही येत नाही.

सपीर यांच्या प्रोत्साहनाने व्हॉर्फ यांनी १९३२ मध्ये होपी भाषेचा अभ्यास हाती घेतला. होपी हे ॲरिझोना राज्यातील उंच पठारांवर वस्ती करून असलेले लोक. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या एका होपी गृहस्थाकडून व्हॉर्फ ही भाषा शिकले आणि १९३८ मध्ये त्यांनी होपींच्या गावांना भेटही दिली. या भाषेत त्यांना वेगळेच वर्ग सापडले. वीज, लाट, ज्वाळा, उल्का, धुराचा लोट हे इंग्रजीत नाम म्हणून वावरणारे शब्द होपीत क्रियापदे होती. जे क्षणभर टिकते ते होपीत क्रियापदांच्या वर्गात जात होते. पक्षी सोडून उडणाऱ्या बाकी साऱ्यांना, म्हणजे कीटक, विमान आणि वैमानिक यांना, एकच नाम पुरत होते. ढग निर्जीव दिसत असला तरी त्याचे अनेकवचन सजीवांसारखे होत होते. यातून व्हॉर्फ यांनी एक निष्कर्ष काढला. वीज ही वस्तू की घटना, हे आकाशाकडे पाहून ठरत नाही. ज्या भाषेत आपण बोलतो तिने तो शब्द कोणाच्या पंक्तीला बसवला आहे, यावर ते ठरते.

१९३७च्या सुमारास लिहिलेल्या व्याकरणिक वर्गांवरील निबंधात त्यांनी एक महत्त्वाचा भेद केला. तो निबंध त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही वर्ग उघड असतात, त्यांची खूण शब्दावरच दिसते. काही वर्ग मात्र गुप्त असतात. शब्दावर खूण नसते, पण विशिष्ट प्रसंगी तो शब्द कोणत्या जागी बसतो आणि कोणत्या जागी बसत नाही यावरून त्याचा वर्ग उघडा पडतो. इंग्रजी नामावर लिंगाची खूण नसते. त्याच्याऐवजी सर्वनाम घालण्याची वेळ आली की ते कळते. नाव्हाहो भाषेत वस्तू गोल की लांबट हे तिच्या नावावरून समजत नाही. ती वस्तू उचलण्याचे किंवा ठेवण्याचे क्रियापद निवडताना मात्र समजते.

आपल्याकडेही असा गुप्त वर्ग आहे. ‘झाड पाहिले’, ‘घर पाहिले’ असे आपण म्हणतो, पण ‘मुलाला पाहिले’, ‘आजीला पाहिले’. सजीवांना ‘ला’ लागतो, निर्जीवांना सहसा लागत नाही. शब्दावर तशी खूण कोठेच नसते. पंढरपुरात ‘मूर्ती पाहिली’ म्हणणारा भाविक पुढच्याच वाक्यात ‘विठोबाला पाहिले’ म्हणतो आणि एका क्षणात दगड सजीवांच्या वर्गात जातो. उलट बाजारातून आपण ‘मासे आणले’ असे म्हणतो. मासा तेथे जीव राहत नाही, जिन्नस होतो. ठेकेदार ‘वीस माणसे आणली’ असे म्हणतो, तेव्हा त्या माणसांचेही तेच होते. ओळखीची, नावागावाची माणसे असती तर ‘माणसांना आणले’ असे झाले असते. नुसती संख्या उरली की ‘ना’ गळून पडतो. बोलणाऱ्याने मुद्दाम काही केलेले नसते. भाषेने आधीच आखून ठेवलेल्या वर्गांतून तो निवड करतो, आणि त्या निवडीबरोबर माणसाकडे पाहण्याची एक रीतही येते.

एव्हाना व्हॉर्फ यांच्या दिवसा चालणाऱ्या कामाचा आणि रात्रीच्या अभ्यासाचा सांधा जुळला होता. १९३९ मध्ये त्यांनी लिहिलेल्या आणि सपीर यांच्या स्मृतिग्रंथात १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात कारखान्यांतील त्या आगी आल्या. ‘रिकामे’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो, असे त्यांनी दाखवले. पिंपात द्रव नाही, हा एक अर्थ. काही नाही, निष्प्रभ, निरुपद्रवी, हा दुसरा. मराठीतही ‘रिकामा वेळ’, ‘रिकाम्या गप्पा’, ‘रिकामा माणूस’ यांच्याच ओळीत ‘रिकामे पिंप’ येते. या ओळीतल्या कशापासूनच कोणाला भीती नसते. पहिल्या अर्थाने पिंपाला लावलेला शब्द दुसऱ्या अर्थाने कामगाराच्या वागण्यात उतरतो, आणि आग लागते.

दुसरे उदाहरण चुनखडीचे होते. लाकडापासून रसायने काढणाऱ्या एका कारखान्यात धातूच्या भट्ट्यांवर चुनखडीपासून केलेला लेप दिला होता. इंग्रजीत चुनखडीच्या नावातच ‘दगड’ आहे, आणि दगड जळत नाही. त्यामुळे त्या लेपाला उष्णतेपासून जपण्याची गरज कोणालाच वाटली नाही. प्रत्यक्षात ॲसेटिक आम्लाच्या वाफांनी त्या चुनखडीचे दुसरेच संयुग झाले होते, आणि तापताच त्यातून ॲसिटोन हा ज्वालाग्राही पदार्थ सुटत होता. भट्टीखालची आग लेपाला लागली आणि ‘दगड’ भडकून जळाला. कातडी कमावण्याच्या एका कारखान्यातील सांडपाण्याच्या डबक्यात कामगाराने पेटती काडी टाकली, कारण ते ‘पाणी’ होते. त्यावर साचलेल्या कुजक्या वायूने पेट घेतला.

याच निबंधात त्यांनी काळाच्या कल्पनेला हात घातला. इंग्रजीत ‘दहा माणसे’ म्हणतात तसेच ‘दहा दिवस’ म्हणतात. माणसे एकत्र उभी राहू शकतात. दिवस तसे कधीच जमत नाहीत, एका वेळी एकच दिवस असतो. तरी दोन्ही शब्द संख्येपुढच्या त्याच जागी बसतात, म्हणून दिवसही वस्तूंसारखे मोजता, साठवता, वाचवता आणि उधळता येतात असे वाटते. होपी भाषेत अशा प्रसंगी अकराव्या दिवसापर्यंत, असे क्रमाने बोलले जाते, असे व्हॉर्फ यांचे निरीक्षण होते. रोजनिशी, दिनदर्शिका, घड्याळ, तासांवर बेतलेली मजुरी, व्याज आणि विम्याचा हप्ता या साऱ्या व्यवहारांशी काळाला वस्तू मानणाऱ्या बोलण्याचा संबंध त्यांनी जोडला. या माणसाचे स्वतःचे पोट विम्याच्या हप्त्यांवर चालत होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. एखादा शब्द किंवा एखादा प्रत्यय एवढे मोठे परिणाम घडवीत नाही, असेही त्यांनी बजावले होते. नाम, क्रियापद, संख्या, उपमा यांच्या पलीकडे पसरलेली बोलण्याची जी एकंदर रीत असते, तिच्याविषयी ते बोलत होते.

१९३८ पासून त्यांची प्रकृती ढासळू लागली. त्यांना कर्करोग झाला होता. फेब्रुवारी १९३९ मध्ये सपीर निवर्तले. हाती वेळ थोडा आहे हे ओळखून की काय, व्हॉर्फ यांनी १९४० आणि १९४१ मध्ये एमआयटीच्या नियतकालिकातून सामान्य वाचकांसाठी तीन निबंध लिहिले. त्यांची कीर्ती मुख्यतः या निबंधांवर उभी आहे. त्यांपैकी एकात त्यांनी भाषाविज्ञानाच्या उगमाचे श्रेय पाणिनीला दिले. पाणिनीची पद्धत बीजगणितासारखी आहे आणि या शास्त्राचे सर्वांत जुने रूप त्याच्या सर्वांत नव्या रूपाच्या जवळचे आहे, असे त्यांचे मत होते. हे मत सहज समजण्यासारखे आहे. अष्टाध्यायीत ध्वनींचे वर्ग पाडून त्यांना दोन-दोन अक्षरांची संक्षिप्त नावे दिलेली आहेत. ज्याच्या जागी दुसरे काही येते तो स्थानी आणि जे येते तो आदेश, असा बदलीचा सारा हिशेब तेथे मांडलेला आहे. एका जागी काय काय येऊ शकते, या प्रश्नावर उभे राहिलेले ते जगातील आद्य व्याकरण होय.

भारताशी त्यांचा आणखी एक संबंध आला. थिऑसॉफीच्या विचारांशी त्यांचा परिचय झाला होता. त्यांचा अखेरचा मोठा निबंध मद्रासहून निघणाऱ्या ‘द थिऑसॉफिस्ट’ या मासिकासाठी लिहिलेला होता. नाम आणि रूप या भारतीय कल्पना, तसेच मंत्राची संकल्पना यांचा आधार घेऊन त्यांनी त्यात भाषा, मन आणि वास्तव यांचे नाते उलगडण्याचा प्रयत्न केला. १९४२ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा व्हॉर्फ हयात नव्हते. २६ जुलै १९४१ रोजी हार्टफर्डजवळच्या वेदर्सफील्ड येथे, वयाच्या अवघ्या ४४व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

हार्टफर्डमध्येच वाढलेल्या जॉन कॅरल यांनी शाळकरी वयात व्हॉर्फ यांच्या सहवासात भाषेचा ध्यास घेतला होता. पुढे मानसशास्त्रज्ञ झालेल्या या शिष्याने १९५६ मध्ये गुरूचे निवडक लेखन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आणि व्हॉर्फ हे नाव जगभर गेले. त्यासोबत टीकाही आली. एरिक लेनेबर्ग यांनी १९५३ मध्येच नेमका आक्षेप घेतला होता. पिंपात स्फोटक वाफ आहे हे इंग्रजीत सांगता येते. मग दोष भाषेचा कसा? वाफ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कामगार फसला असेल. हा आक्षेप वजनदार आहे, आणि शब्द व दृष्टी यांचा वाटा किती किती हे त्या एका आगीवरून ठरवता येत नाही. १९८३ मध्ये एकेहार्ट मालोत्की यांनी सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहून होपी भाषेत काळाविषयी विपुल शब्दसंपदा आहे, हे दाखवून दिले. होपींच्या भाषेत काळाची कल्पना नाही, असे व्हॉर्फ यांच्या नावावर खपवले जाणारे विधान त्यानंतर टिकणे शक्य नव्हते. एस्किमोंकडे बर्फासाठी अनेक शब्द आहेत, हे व्हॉर्फ यांनी ओझरते दिलेले उदाहरणही पुढे लोकांनी फुगवत नेले आणि त्याचा दोष त्यांच्या माथी आला.

मात्र विषय तेथे संपला नाही. जॉन लुसी यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेक्सिकोतील युकातेक माया बोलणारे आणि इंग्रजी बोलणारे यांची तुलना होती. युकातेक भाषेत संख्येनंतर वस्तूचा प्रकार सांगणारा वेगळा शब्द घालावा लागतो. नाम स्वतः जणू नुसता पदार्थच सांगते. वस्तूंमधील साम्य ओळखायला सांगितले, तेव्हा इंग्रजी बोलणारे आकाराकडे झुकले, तर युकातेक बोलणारे ती वस्तू कशाची बनली आहे याकडे. भाषेची भिंत पलीकडचे दिसूच देत नाही, असा अर्थ यातून निघत नाही. भाषेचा उतार असतो. पाणी चढावरही नेता येते, पण न सांगता वाहते ते उताराकडे.

हा उतार मराठी वृत्तपत्राच्या वाचकाला रोज भेटतो. ‘पूरग्रस्त’, ‘भूकंपग्रस्त’, ‘दुष्काळग्रस्त’, ‘वादळग्रस्त’ हे शब्द बातमीत एकाच जागी येतात. ग्रस्त म्हणजे ग्रासलेला, गिळलेला; ग्रहणात सूर्याचे जे होते ते. गिळतो निसर्ग, गिळला जातो माणूस आणि मदतीला येते सरकार, असा या वाक्यांचा साचा ठरलेला आहे. ‘धरणग्रस्त’ आणि ‘प्रकल्पग्रस्त’ हे शब्द याच साच्यात येऊन बसले. परंतु धरण आभाळातून कोसळत नाही. ते कोठे बांधायचे, कोणती गावे पाण्याखाली घालायची, हे कोणीतरी ठरवलेले असते. शब्द पूरग्रस्तांच्या पंक्तीला बसला की ठरवणारा वाक्यातून नाहीसा होतो, आणि हक्काचा मोबदला मदतीसारखा दिसू लागतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात हजारो घरे गेली. त्या घरांतली माणसे ‘पूरग्रस्त’ म्हणून ओळखली जाऊ लागली. फुटलेल्या धरणाचा त्या शब्दात मागमूस नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर त्या खोऱ्यातील कित्येक कुटुंबे धरणग्रस्त होती तशीच भूकंपग्रस्तही झाली. एका संकटामागे माणसाने घेतलेला निर्णय होता आणि दुसऱ्यात धरणी हादरली होती. शब्दांनी दोन्ही एका मापाची करून टाकली.

व्हॉर्फ यांचे टीकाकार जे सांगतात त्याचाही पडताळा येथेच मिळतो. विस्थापितांच्या चळवळींनी ‘प्रकल्पग्रस्त’ हाच शब्द हाती घेऊन त्याला हक्काच्या मागणीचे रूप दिले. अर्जावर तो शब्द लिहिणारा माणूस दया मागत नाही, देणे मागतो. म्हणजे वर्ग मोडता येतो, शब्दाची जागा बदलता येते. त्यासाठी आधी तो कोणत्या पंक्तीत बसला आहे हे मात्र दिसावे लागते, आणि रोजच्या वापरातली गोष्ट दिसणे सर्वांत अवघड.

व्हॉर्फ यांची कित्येक अनुमाने आज कोणी स्वीकारत नाही. त्यांचे होपीविषयीचे विवेचन सुधारावे लागले, माया लिपीचे वाचन सोडून द्यावे लागले. त्यांच्या हाती पदवी नव्हती की विद्यापीठातले कायमचे पद नव्हते. जे काम झाले ते दिवसभराची नोकरी सांभाळून, अवघ्या पंधरा-सतरा वर्षांत झाले. कारखान्यात धोका कोठे आहे हे शोधताना ते जशी पिंपे, नळ आणि भट्ट्या तपासत, तसेच त्यांनी माणसांच्या तोंडचे शब्दही तपासले. पाटीवर ‘रिकामे’ लिहिले असले तरी आत काय आहे ते पाहून घ्यावे, एवढीच त्या तपासनिसाची शिस्त होती. ती व्याकरणालाही लागू पडते, हे त्यांच्याआधी फार थोड्यांच्या लक्षात आले होते.